रिकामी गोफण

माझा आवाज मोठा आहे. पुसद-उमरखेड रस्त्यावर इतकी वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, की आता घरात पाणी मागितलं तरी शेजारीण खिडकीत येऊन उभी राहते. "पुढं सरका, सुट्टे काढा, दारात उभं राहू नका," हे मी झोपेतही बडबडते असं आमचे हे सांगतात. आम्ही तांड्याचे लोक. आमचे वाडवडील बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, मी माणसं लादून हिंडते. बैल निदान सुट्ट्यांवरून भांडत नसतील. अशा बाईला कोणी म्हटलं, की दहा महिने एका जिवासमोर तोंड उघडायचं नाही, तर ऐकणाराही हसेल. आमचे हे तर हसलेच. पण मी ते केलं. मधे एकदा घसरली, ते सांगतेच, लपवणार नाही. तरी केलं, अन् त्याचा मला आजही बम अभिमान आहे.

आमच्या रस्त्यावर एका फाट्यावर हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी अन् भज्यांची कढई. गाडी तिथं चहाला थांबते. त्या कढईच्या बरोबर वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसावा म्हणून, मालकानं एक पिंजरा टांगला होता. त्यात पोपट. गळ्याला काळी-गुलाबी कंठी, म्हणजे नर. पंख कात्रीनं कापलेले. सगळा दिवस तेलाच्या धुरात बसलेला. त्याला दोनच गोष्टी यायच्या, चहात बुडवलेलं बिस्कीट खाणं अन् आईवरून शिवी देणं. शिवी गिऱ्हाइकांनीच शिकवली होती. काडी टोचली की तो शिवी द्यायचा, अन् सगळे पोट धरधरून हसायचे.

खोटं कायले बोलू, मीही हसलेली आहे. दोन वर्षं त्या पिंजऱ्याखाली उभं राहून चहा प्यायली. माझ्या हातानं त्याला बिस्किटाचा तुकडा दिला. तो मान खाली घालून डोकं तारेजवळ आणायचा, मी बोटानं खाजवायची. मला वाटायचं आपण लाडच करतोय की त्याचे.

होळी होऊन गेली होती. ऊन चढायला लागलं होतं. त्या दिवशी गाडी थांबली, मी उतरली, तर एक माणूस बाकड्यावर उभा राहून पेटलेली बिडी पिंजऱ्यात घालत होता. पोपटाच्या शेपटीला चटका देत होता.

"अबे, हे काय करून राह्यला तू?" मी ओरडली.

"शिवीच देऊन नाही राह्यला, बाई," तो दात काढून म्हणाला. "चार्जिंग उतरली वाटते."

मी वर पाहिलं. पोपटाची छाती उघडी पडली होती. आपलीच पिसं त्यानं आपल्या चोचीनं उपटून टाकली होती. एक डोळा सुजला होता. चटका बसला तरी तो ओरडला नाही, फडफडला नाही, नुसता तो चांगला डोळा मिटून बसला. रोज पाहत होती मी ते पाखरू, अन् इतकं होईस्तोवर मला काही दिसलं नव्हतं. माझं डोकंच सटकलं. त्याच्यावरही सटकलं अन् माझ्यावरही सटकलं.

मी त्या माणसाला दंडाला धरून खाली ओढलं, बाकड्यावर चढली, पिंजरा काढला अन् सरळ गाडीत जाऊन बसली. हॉटेलवाला झारा हातात घेऊन मागं धावत आला.

"ओ बाई! पिंजरा कुठं नेऊन राह्यल्या?"

"उमरखेडले."

"काहून?"

"काहून म्हंतो? डोळे फुटले काय तुये?"

"अव, पण पोपट माहा हाये!"

"तुहा हाये? कागद दाखव. पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा हाये, माहीत हाये काय? थांब, वनविभागाले फोन लावते. ते आले का मंग त्याइले सांगजो कोणाचा हाये ते."

फोनचं नाव काढल्यावर त्यानं झारा खाली केला. "न्या बाप्पा, न्या," म्हणाला. "तसाही मरूनच राह्यला तो."

मी दोनदा घंटी मारली. गाडी सुटल्यावर मशीन काढून पोपटाचं लगेज तिकीट फाडलं. नियम तो नियम, माझ्या गाडीत फुकट कोणी बसत नाही. मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, लेकरू हाये ते, हाफ तरी द्या." मी म्हटलं, "आबाजी, गप बसा, नाही तं तुमचंही लगेज काढते." सगळी गाडी हसली. पोपट तेवढा हसण्याच्या आवाजानं अंग चोरून पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला.

संध्याकाळी पुसदला परत आल्यावर मी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीणबाई तरुण, बारीक अंगाची अन् इतक्या हळू बोलणारी, की मला पुढं वाकून ऐकावं लागायचं. तिनं त्याला टॉवेलात धरलं, पाय पाहिले, तारेवर बसून बसून तळव्याला जखमा झालेल्या. मग पंख पसरून पाहिले.

"उडंन काय मॅडम?"

"कापलेलं पीस वाढत नाही, ताई. ते गळून त्या जागी नवं यावं लागतं. त्याला पावसाळा उजाडेल. जगला तर."

"जगंन. मी जगवते."

"जगवाल हो. पण पंखांचं मला एवढं वाटत नाही." तिनं त्याच्या डोक्यावर बोट नेलं, अन् त्यानं लगेच मान खाली घातली. "हे बघा. याला माणसाची सवय झाली आहे. उद्या बरा होऊन उडाला, तर कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसेल, आणि संध्याकाळी परत पिंजऱ्यात असेल. माणूस सुटला नाही, तर याला मी सोडू देणार नाही. मग जन्मभर पिंजराच."

"मंग करायचं काय?"

"बोलायचं नाही. नाव ठेवायचं नाही. हात लावायचा नाही."

वनविभागाचा माणूस आला, त्यानं पंचनामा केला, अन् डॉक्टरीणबाईच्या देखरेखीखाली पाखरू बरं होईस्तोवर माझ्याकडं ठेवायचं, असं लिहून दिलं. मी सही केली. घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे डेपोत मेकॅनिक आहेत, दिवसाला मोजून दहा शब्द बोलतात. त्यांनी विचारलं, "तू बोलणार नाही?" अन् असे हसत सुटले, की ठसका लागला. मग स्वतःच भंगारातून लोखंडी नळ्या आणल्या, जाळी आणली, अन् दोन रविवार खपून गच्चीवर खोलीएवढा मोठा पिंजरा उभा केला. आत कडुनिंबाच्या फांद्या बांधल्या. आमच्या घरामागं वावरं आहेत, सकाळी रानातले पोपट किलबिलत त्याच्यावरून जातात. त्यांचा आवाज याच्या कानावर पडावा, हा हिशेब.

पहिले चार दिवस त्यानं काही खाल्लं नाही. भिजवलेली ज्वारी ठेवली, काकडी ठेवली, हिरव्या मिरच्या ठेवल्या. तो ढुंकून पाहीना. त्याला चहा पाहिजे होता. मी वर आली की जाळीला लटकून माझ्या हाताकडं पाहायचा, कप नाही दिसला की शिवी हासडायचा. मी ओठ दाबून ऐकून घ्यायची. आयुष्यात माझ्यावर कोणी आईवरून गेलं अन् मी उलट बोलली नाही, असं हे पहिलंच उदाहरण. पाचव्या दिवशी त्यानं टरबुजाची फोड उचलली. मी जिन्यात बसून पदरात तोंड खुपसून आनंदानं रडली.

पण खरं कठीण ते नव्हतंच. तो मान खाली घालायचा ना, ते कठीण होतं. मी वाटी ठेवायला गेली की जाळीशी यायचा, डोकं पुढं करायचा, खाजव म्हणून. अन् मी वाटी ठेवून तशीच मागं फिरायची. दिवसभर गाडीत शंभर माणसांशी भांडून यावं, अन् घरी जो एकटा आपली वाट पाहून राह्यला त्याच्याशी एक शब्द बोलू नये, याचा मला फार त्रास झाला. रागही यायचा. डॉक्टरीणबाईचा यायचा, हॉटेलवाल्याचा यायचा, त्या पाखराचाही यायचा.

पावसाळ्यात जुनी कापलेली पिसं एक एक करून खाली पडायला लागली. त्या जागी नवी हिरवी पिसं फुटली. छाती भरली. पायाच्या जखमा सुकल्या. पोळ्याच्या आसपास तो या फांदीवरून त्या फांदीवर उडायला लागला, आधी धडपडत, मग सरळ.

अन् तिथंच मी माती खाल्ली.

एके सकाळी मी जिन्यातून वर येत होती, तर गच्चीवरून माझाच आवाज आला. "सुट्टे काढा!" मी चरकली. "पुढं सरका! सुट्टे काढा!" पोपट फांदीवर बसून थेट माझ्यासारखा खेकसत होता. मी त्याच्यासमोर बोलत नव्हती हे खरं, पण जिन्यातून यांच्यावर ओरडत होती, गच्चीच्या दारात उभं राहून फोनवर भांडत होती. माझा आवाज कुठं दारानं अडतो! अन् मला काय वाटावं? मला वाटली मोठी धन्यता. शिवी विसरला अन् माझं बोलणं शिकला, म्हणून माझी छाती फुगली. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. डेपोत दाखवला. ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला, सगळे लोळून हसले. कोणी म्हणालं, "बाई, याले ड्यूटीवर लावा, तुम्ही रजा घ्या."

तोच व्हिडिओ मी डॉक्टरीणबाईला दाखवला. ती हसली नाही. पूर्ण पाहिला, मोबाईल परत दिला.

"ताई, हॉटेलवाल्यानं शिवी शिकवली, तुम्ही सुट्टे शिकवले. काय फरक झाला?"

उलट बोलावंसं खूप वाटलं, की मी याला मरणातून काढलं, माझ्या पैशानं खाऊ घातलं, तुम्ही मला शिकवू नका. पण ती खरं बोलत होती. ती इतकंच म्हणाली, "संक्रांतीनंतर मी त्याची परीक्षा घेईन. माणसाच्या हाकेला आला, तर तो कायमचा पिंजऱ्यात राहील. दुसरा इलाज नाही." मी घरी आली अन् तो व्हिडिओ पुसून टाकला. गच्चीचं दार बंद करून घेतलं. यांच्याशी खाणाखुणांनी बोलायला लागली. यांना बरंच वाटलं असावं, पण तोंडावर तरी दाखवलं नाही.

दसऱ्याला माझी याडी तांड्यावरून आमच्याकडं राहायला आली. आमच्यात आईला याडी म्हणतात. गुडघे दुखतात म्हणून सकाळचं ऊन खायला ती गच्चीवर बसायची. तिला आधीच बजावलं होतं, त्याच्याशी बोलू नको. ती दोन दिवस गप बसून त्याला पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाली, "पोरी, याले माणसाचं भेवच नाही."

"तेच त मोडायचं हाये, याडी. म्हणून त गप हावो सगळे."

"गप बसल्यानं भेव येते काय?"

तिनं तांड्यावरून तिची गोफण मागवली. याडीनं अख्खी तरणी वर्षं ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलण्यात काढली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्यासमोर उभी राहिली, पदर खोचला, गोफण डोक्यावरून गरगर फिरवली अन् एक दोरी सोडून दिली. फट्ट! असा आवाज झाला, की खालची कुत्री भुंकायला लागली. वरून याडीची आरोळी, "हाऽऽ होऽऽ!" पोपट फांदीवरून खालीच कोसळला. मग उठून पार कोपऱ्यात जाऊन जाळीला चिकटला.

"याडी!" मी दहा पावलांवरून धावली. "मारून टाकतं का त्याले?"

"दगड कुठं हाये? रिकामी हाये." तिनं गोफण माझ्यासमोर धरली. "वावरातला राघू कशानं जगते, सांग. माणूस दिसला का उडते, म्हणून जगते. हे त्याले त्याच्या मायनं शिकवाले पाहिजे होतं. माय नाही, त मी शिकवते."

मी डॉक्टरीणबाईला विचारायला गेली. वाटलं, ही आता याडीलाच पंचनाम्यात घालते. पण ती स्वतः गच्चीवर आली, जिन्याच्या दाराआडून सगळं पाहिलं. मग म्हणाली, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, त्याहून जास्त नाही. खाणं ठेवायचं ते तो झोपेत असताना, पहाटे. अन् जाता जाता माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, तुम्हीही फिरवायची. नाहीतर तो सगळ्या जगाला भिईल आणि तुमच्याकडे तेवढा येईल. मग काय उपयोग?"

पहिल्या दिवशी माझा हातच उचलला जाईना. मी समोर गेली. तो मला पाहून जाळीशी आला. याडीला भिऊन कोपऱ्यात बसणारा तो, मला पाहून आला. त्यानं मान खाली घातली. सात महिने मी त्याच्याशी बोलली नव्हती, तरी त्याचा माझ्यावर भरवसा होता. अन् आता कुठं मला त्याच्यासमोर तोंड उघडायची परवानगी मिळाली होती, ती त्याला हाकलायला. मी गोफण फिरवली. फट्ट. अन् सगळा जीव एकवटून ओरडली, "हाऽऽ!" तो असा दचकून उडाला, की दोनदा जाळीवर आपटला. त्या कोपऱ्यातून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली आली अन् त्या दिवशी जेवली नाही. याडीनंही जेव म्हटलं नाही.

पण सोडलं नाही. ड्यूटीवर जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या, तूर फुलली. तो आता जिन्याचं दार वाजलं तरी उडायला लागला. "सुट्टे काढा" बंद झालं. शिवी तर कधीची गेली होती. सकाळी रानातले पोपट वरून गेले की तो त्यांना त्यांच्याच बोलीत ओरडून उत्तर द्यायचा. मी दाराआडून ऐकायची अन् माझ्या अंगावर काटा यायचा.

संक्रांत झाली अन् डॉक्टरीणबाई आली, सोबत वनविभागाचा माणूस. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. तिनं यांना चहा करायला सांगितला, त्यात बिस्कीट बुडवलं अन् बशी माझ्या हातात दिली.

"बोलवा त्याला."

"मी?"

"तुम्हीच. गोफण नको. मनापासून बोलवा. उगाच वरवर बोलावलंत तर मला कळेल."

मी जाळीपाशी गेली. तो वरच्या फांदीवर होता, ताठ बसलेला, हिरवागार. बशी पुढं धरली. दहा महिने घशात अडकलेलं सगळं एकदम वर आलं. "ये रे," मी म्हटलं. "ये माह्या राजा. ये, बिस्कीट देते. डोकं खाजवते तुहं. ये नं बापा." मी नाटक करत नव्हती. माझ्या अर्ध्या मनाला खरंच वाटत होतं त्यानं यावं. एकदा यावं, मान खाली घालावी, मग काय व्हायचं ते होवो.

त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. अन् उडाला. सरळ, न आपटता, पार पलीकडच्या टोकाला, सगळ्यात उंच कोपऱ्यात. तिथून माझ्यावर असा कर्कश ओरडला, की मी बशी खाली ठेवली.

"अजून एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मी तीनदा बोलावलं. तो तीनदा माझ्यापासून लांब गेला. तिसऱ्या वेळी त्यानं पाठच केली.

"झालं, ताई. पास झाला," ती म्हणाली. तिचा तो हळू आवाज आणखी हळू झाला होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या अन् मी हसत होती. लेकराचा निकाल लागावा अन् शाळेत सगळ्यांसमोर त्याचं नाव पुकारावं, तसं मला झालं होतं. यांनी पिंजऱ्याची वावराकडची जाळी पूर्ण सोडली. आम्ही सगळे पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो, याडीसुद्धा गुडघे धरून. तो बराच वेळ उघड्या कडेवर बसून राहिला. मग वरून थवा गेला, अन् तो त्यांच्यामागं निघाला. तुरीच्या वावरावरून गेला, पंख मारत, एकदाही खाली न येता. याडीनं गोफण गुंडाळून कमरेला खोचली. "शिकला," म्हणाली.

आठ दिवस गच्चीवर ज्वारी ठेवायला सांगितली होती. ती ठेवली. कोणीतरी ती पहाटे खाऊन जायचं, पण माणूस दिसायच्या आत. मग तेही बंद झालं.

फाट्यावर गाडी अजून थांबते. कढईच्या वरचा पिंजऱ्याचा आकडा रिकामाच आहे, मालकानं दुसरं पाखरू आणलं नाही, तेवढं त्याचं कौतुक. परवा त्यानं चहा देता देता विचारलं, "बाई, तो पोपट दिसते काय कधी? वळखते काय तुमाले?"

"नाही," मी माझ्या मोठ्या आवाजात म्हटलं, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं. "मले पाह्यलं का पळते."

"अरेरे," तो म्हणाला. "इतकं केलं तुमी त्याच्यासाठी, अन् वळखही ठेवली नाही?"

"काडीचीही नाही," मी म्हटलं. चहा संपवला, गाडीत चढली अन् दोनदा घंटी मारली.